दोन खुर्च्यांची एकच चूक

प्रमिलाताई कुंभोजे आणि दस्तगीरभाई जमादार यांचं भांडण चुकू नये म्हणून ओघवती कंपनीतले काही लोक बैठकीच्या दिवशी रजाच टाकत नसत. बैठकीची खोली वरच्या मजल्यावर, काचेची. आवाज बाहेर यायचा नाही, पण हातवारे सगळे दिसायचे. ताई टेबलावर बोट आपटतायत आणि भाई डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालतायत, एवढं दिसलं की खाली कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणायचं, "चला, देखरेख सुरू झाली!"

ही देखरेख म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. ओघवती ही जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीतली कंपनी. गावोगावच्या नळपाणी योजनांसाठी आपोआप उघडमीट करणारे व्हॉल्व्ह बनवायची. मोठ्या कंपन्यांनी दोन मंडळं ठेवायची, असा कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. एक कारभारी मंडळ, ते धंदा चालवणार. दुसरं देखरेख मंडळ, ते कारभाऱ्यांवर डोळा ठेवणार आणि मोठे निर्णय तपासणार. आता डोळा ठेवणारे सगळे एकाच पंगतीतले असले, तर डोळा ठेवून काय उपयोग? म्हणून या मंडळात कोण कोण असावं याची उद्दिष्टं मंडळानं आपणच ठरवायची, आणि ती पाळली की नाही ते दरवर्षी चारचौघांत सांगायचं, असा नियम होता.

ओघवतीची उद्दिष्टं लिहिली ती प्रमिलाताईंनी. पाटबंधारे खात्यात सगळी हयात काढलेली बाई. धरणाच्या दारांपासून कालव्याच्या चाऱ्यांपर्यंत सगळं पायाखालचं. त्यांनी लिहिलं: मंडळात बायका एक तृतीयांश तरी हव्यात. पाण्याचं तंत्र कळणारे दोघं हवेत. हिशेब कळणारे हवेत. कामगारांनी निवडून दिलेला एक हवा. चाळिशीच्या आतलं कुणी हवं. आणि ज्याच्या घरी आपल्या व्हॉल्व्हमधून आलेलं पाणी रोज भरलं जातं, असा एक साधा ग्राहक हवा. उद्दिष्टं सगळी पुरी झाली होती. पुण्यामुंबईची माणसं येऊन त्यांचं कौतुक करून जात. आणि मंडळात खरी विविधता आहे याचा पुरावा काय, असं कुणी विचारलं, की अध्यक्ष भरतेश मगदूम हसून बोट दाखवत. टेबलाच्या एका बाजूला प्रमिलाताई, समोर दस्तगीरभाई.

दस्तगीरभाई कामगारांचे. तरुणपणी फौंड्रीत ओतकामाचे साचे करणारे मोल्डर, पुढं युनियनचे अध्यक्ष. ताई अधिकारी, भाई कामगार. ताई चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या, भाईंच्या घरची बिर्याणी अख्ख्या वसाहतीत नावाजलेली. ताईंना आकडा लागायचा, भाईंना माणूस. कागदावर याहून वेगळी दोन माणसं शोधून सापडली नसती.

आणि बैठक संपली की ही दोन माणसं स्टेशनजवळच्या बाळूच्या हॉटेलात बसायची. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक परदेशात. मनातलं बोलायला भाईंशिवाय दुसरं होतंच कोण? चहा एकच मागवायचा, दोघांत. बाळू विचारायचाही नाही, एक कप आणि एक रिकामा कप आणून ठेवायचा. अर्धा चहा संपेपर्यंत वरचं भांडण मिटलेलं असायचं.

*

यंत्र मंडळात आलं ते ताईंच्याच हट्टानं, आणि खरं सांगायचं तर थोड्या खोडसाळपणानंही.

मंडळात दोन निवृत्त बँकवाले होते. एकाच बँकेतले, एकाच साली लागलेले, एकाच गल्लीत राहणारे. सफारीसुद्धा एकाच शिंप्याकडून शिवून घेणारे. दोघं बोलले तर एकदम, गप्प बसले तर एकदम. यांतला एक कमी करून त्या जागी कुणी सार्वजनिक आरोग्यातलं जाणकार आणावं, असं ताईंच्या फार मनात होतं. पण नुसतं तोंडानं म्हणून कोण ऐकणार? मग त्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. केतकी गद्रे यांना बोलावलं.

केतकी आली ती पिशवीतून एक गुळाची ढेप घेऊन. ती तिनं टेबलावर ठेवली. मगदूमसाहेब म्हणाले, "वा! चहाबरोबर की जेवणानंतर?"

"सांगते," ती म्हणाली. "काल मी तुमच्या बाजारात होते. दहा अडत्यांना विचारलं, हिचं वजन किती असेल? सगळे जाणकार. आणि सगळ्यांनी कमी सांगितलं. कारण सगळ्यांचा डोळा जुन्या साच्यावर बसलेला, आणि साचा गेल्या हंगामात बदललाय. मग रस्त्यावरच्या दहा जणांना विचारलं. एक पैलवान, एक नर्स, एक रिक्षावाला, कुणी कुणी. एकेकटा धरला तर ते अडत्यांपेक्षा जास्त चुकले. पण कुणी वर चुकला, कुणी खाली. सगळ्यांची सरासरी काढली, तर ती अडत्यांपेक्षा खऱ्या वजनाच्या जवळ आली."

"म्हणजे अडाणी बरे?" एक बँकवाले म्हणाले.

"नाही, साहेब. अडाण्यांच्याही चुका सारख्या असल्या, तर तेही बुडवतील. मुद्दा एवढाच, की वेगवेगळ्या बाजूंना झालेल्या चुका एकमेकींना खोडतात. एकाच बाजूच्या चुका साठत जातात. मंडळात दहा शहाणे असले आणि दहाही एकाच ठिकाणी आंधळे असले, तर तिथं ते दहा नसतात, एकच असतात."

तिच्या यंत्राचं नाव 'जुळणी'. प्रत्येक सभासदानं काही दुपारी पडद्यापुढं बसायचं. पडदा त्याला बनावट संकटं सांगणार: पाण्यात विष मिसळल्याची आवई उठली, कारखान्यात संप झाला, मंत्र्याचा फोन आला, काय कराल? उत्तर काय दिलं, एवढंच यंत्र बघत नसे. आधी काय विचारलं, कुणाचं ऐकलं, कुठं मन बदललं, कुठं थकून 'असू दे' म्हटलं, हेही ते टिपून घ्यायचं. त्यातून त्या माणसाच्या निर्णयाची एक पडछाया तयार व्हायची. मग या पडछायांच्या हजारो बैठका यंत्राच्या पोटात व्हायच्या, आणि कोण कुणाबरोबर चुकतो ते कळायचं.

ताईंनी उद्दिष्टांत एक कलम वाढवायला मांडलं: कोणत्याही दोन सभासदांच्या चुका मर्यादेबाहेर जुळल्या, तर त्यांतल्या एकानं खुर्ची सोडावी. कोणी सोडायची ते यंत्रच सांगेल.

भाईंची टोपी निघाली. "माणसं म्हणजे काय नटबोल्ट आहेत का ओ ताई, आटे जुळवून बघायला? लोकांनी मला निवडून दिलंय. उद्या डबडं सांगणार, घरी जा!"

"डबडं तुमच्यापेक्षा कमी ओरडतं तरी!" ताईंनी बोट आपटलं.

तासभर रणकंदन झालं. शेवटी नेहमीसारखा मधला मार्ग निघाला. यंत्र बसवायचं, पण निवाडा त्याच्या हातात द्यायचा नाही. ज्या दोघांच्या चुका जुळतील, त्यांनी आपसांत ठरवावं, पुढच्या बैठकीपर्यंत. सगळ्यांनी माना डोलावल्या. भांडण चांगलं झालं, म्हणजे निर्णयही चांगला झाला, असं सगळ्यांना वाटलं.

*

निकाल सांगायला केतकीनं ताईंना एकट्यांना बोलावलं, कारण मंडळात कोण असावं ते बघणाऱ्या रचना समितीच्या प्रमुख त्याच.

"बँकवाले ना?" ताईंनी खुर्ची ओढतच विचारलं.

"ते दोघं?" केतकीला हसू आलं. "ते तर मंडळातले सगळ्यात वेगळे निघाले. एक प्रत्येक वेळी वेळेआधी घाबरतो, दुसरा वेळ टळल्यावर. इतकी वर्षं कुणी त्यांना वेगवेगळं विचारलंच नाही, म्हणून कळलं नाही." मग तिनं पडदा जवळ ओढला. "जुळलेली जोडी दुसरीच आहे, ताई. तुम्ही आणि जमादार."

ताई खो खो हसल्या. "अहो, यंत्र बिघडलंय तुमचं! आमचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही."

"सुरुवातीला होत नाही, खरंय." तिनं पडदा ताईंकडे वळवला. "तुम्ही दोघं विरुद्ध टोकांना सुरू करता. प्रत्येक वेळी. पण शेवट बघा. ते टोकाशी असले तरी तुम्ही मध्यावर येता. तुम्ही टोकाशी असलात तरी ते मध्यावर येतात. समोर दुसरं कुणीही बसवलं तरी तेच. इतकंच काय, एकेकट्याला बसवलं, तरी तुमच्या पडछाया आधी स्वतःशी भांडतात आणि मग अर्ध्यावर तडजोड करतात. जिथं तडजोड चालते तिथं हे उत्तम आहे. पण काही गोष्टींना मध्य नसतो. तिथं तुम्ही दोघं अगदी हातात हात घालून चुकता. आणि बाकीचं मंडळ तुमचं भांडण बघून निश्चिंत असतं. त्यांना वाटतं, दोन्ही बाजू ऐकून झाल्या."

ताईंचं हसू जागच्या जागी विरलं. कारण त्यांना रावसाहेब खोत आठवला.

जुन्या मॉडेलच्या वेळची गोष्ट. वाहतं पाणी एकदम अडवलं तर त्याचा सगळा जोर मागं उलटतो आणि नळावर घणासारखा बसतो. म्हणून व्हॉल्व्ह कसा हळूहळू मिटायला हवा. ओघवतीच्या व्हॉल्व्हमध्ये दाब मोजणारी एक बारीक नळी असायची. तिच्यात गाळ बसला की व्हॉल्व्हची फसगत व्हायची आणि तो खटकन मिटायचा. ताई म्हणाल्या होत्या, सगळे व्हॉल्व्ह परत मागवा. भाई म्हणाले होते, एकही मागवू नका, कारखाना बंद पडला तर माझी कामगार पोरं काय खातील? दिवसभर भांडण, आणि मधला मार्ग: अर्धे मागवू, जुने जुने तेवढे. न मागवलेल्यांतला एक नदीपलीकडच्या गावात फुटला. तिथला पंपचालक रावसाहेब, त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. ताई आणि भाई दोघंही त्याला भेटायला गेले, दोघंही रडले. आणि परत येताना गाडीत दोघं एकमेकांना म्हणाले होते, आपण अर्धे तरी मागवले म्हणून बरं, नाहीतर आणखी काय काय झालं असतं!

"पुढच्या बैठकीत नव्या मॉडेलचा विषय आहे ना?" केतकीनं हळूच विचारलं.

"आहे," ताई म्हणाल्या. नव्या मॉडेलमध्येही तीच नळी, आणि दोन गावांतून तीच तक्रार आलेली होती.

*

बाळूनं एक भरलेला आणि एक रिकामा कप आणून ठेवला. ताईंनी भाईंना सगळं सांगितलं. भाईंनी टोपी काढली आणि या वेळी ती पुन्हा डोक्यावर घातलीच नाही.

"म्हणजे दोघांतल्या एकानं जायचं."

"हो."

"तुमचंच कलम. बँकवाल्यांसाठी खड्डा खणला आणि स्वतःच पडला की ओ!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?" ताई उखडल्या. "आणि मी का जाऊ? पाण्यातलं तुम्हाला काय कळतं? नव्या व्हॉल्व्हवर बोलणार कोण?"

"आणि मी का जावं? चारशे माणसांनी मत दिलंय मला. तुम्हाला कुणी दिलंय? मगदूमसाहेबांनी बोलावलं, आलात."

"तोंड सांभाळून बोला हं, भाई."

"तुम्हीबी सांभाळा."

चहावर साय धरली. पलीकडच्या टेबलावरची दोन माणसं कान देऊन ऐकत होती. बऱ्याच वेळानं भाईंनी चहा दोन कपांत ओतला, अगदी सारखा, आणि म्हणाले, "असं करू या का? सहा महिने तुम्ही बसा, सहा महिने मी बसतो."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. भाईंनी ताईंकडे. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं आणि दोघं एकदमच हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग एकदमच गप्प झाले.

"खरं बोलतंय की ओ ते डबडं," भाई म्हणाले.

उठताना ते एवढंच म्हणाले, "मी खुर्ची सोडणार नाही, ताई. आधीच सांगून ठेवतो." ताई म्हणाल्या, "मीही नाही." आणि पहिल्यांदाच दोघं हॉटेलच्या दारातून वेगवेगळ्या वाटांनी गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा आटोपून ताई राजीनामा लिहायला बसल्या.

काल रागाच्या भरात बोलून गेल्या होत्या, पण घरी येईस्तोवर राग उतरला होता. भाईंना आयुष्यात मान मिळाला तो या एका खुर्चीवर. फौंड्रीच्या धुरात छाती जाळून घेतलेला माणूस, आज काचेच्या खोलीत मगदूमसाहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवतो. ती खुर्ची आपण काढून घ्यायची? छे! आपल्याला काय, पेन्शन आहे, बाग आहे. त्यांनी चार ओळी लिहिल्या, खाली नाव घातलं. जीव हलका झाला. आपण मोठ्या मनाच्या आहोत, असंही जरा वाटून गेलं.

आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं.

आपण काल भांडलो, घरी आलो, विरघळलो आणि आज राजीनामा लिहिला. मग भाईंनी आत्ता, या घडीला, काय केलं असेल?

उत्तर शोधायला पडछाया लागणार नव्हती, यंत्रही लागणार नव्हतं. रेल्वे लाइनीपलीकडच्या घरात दस्तगीरभाई चष्मा लावून, ओठ हलवत, चार ओळी लिहीत असणार. ताईंना पाण्यातलं कळतं, त्यांनीच राहावं. आपल्याला काय, पोरं मिळवती आहेत.

दोघांचेही राजीनामे एकाच दिवशी पोचणार. कलम म्हणतं एकानं जावं, जाणार दोघं. आणि पुढच्या बैठकीत नव्या व्हॉल्व्हचा विषय निघेल, तेव्हा तोंड उघडणारं कुणी नसेल. मगदूमसाहेब म्हणतील, पावसाळ्यानंतर बघू. बाकीचे माना डोलावतील. मग आणखी एखाद्या गावात आणखी एखादा रावसाहेब.

ताईंनी फोन उचलला. सवयच ती, इतक्या वर्षांत महत्त्वाचं काही ठरवायचं आणि भाईंना विचारायचं नाही, असं झालंच नव्हतं. बोट नावावर गेलं आणि थांबलं. फोन केला तर काय होईल? भांडण होईल. मग काहीतरी मधलं निघेल. कुणीतरी एक राहील, पण दुसऱ्याचा मान राखून, व्हॉल्व्हच्या बाबतीत भाईंच्या कामगारांचा विचार करून. म्हणजे पुन्हा अर्धे.

त्यांनी फोन पालथा ठेवला.

न बोलण्याचा अर्थ त्यांना नीट कळत होता. भाईंचा राजीनामा जाईल, आणि आपण तो जाऊ द्यायचा. त्यांचा चांगुलपणा आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच त्याचा फायदा घ्यायचा. भाई राहिले असते तर सगळे व्हॉल्व्ह परत मागवण्याला त्यांना होकार देता आला नसता; ज्यांनी निवडून दिलं त्यांचीच चूल ते कशी विझवणार? तेव्हा त्यांचं जाणं म्हणजे एका परीनं त्यांची सुटकाच होती, अशी समजूत ताईंनी मनाला घालून बघितली. ती पटली नाही. आपणही राजीनामा लिहीत होतो तो निम्मा मोठेपणानं, आणि निम्मा त्या निर्णयातून निसटायला मिळतंय म्हणून, हेही त्यांना तेव्हाच कळून चुकलं. समजूतदारपणा म्हणून आपण जो मिरवतो, त्यात पळ काढणं किती असतं, ते माणूस सहसा मोजून बघत नाही.

त्यांनी आपला राजीनामा फाडला आणि चुलीशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

*

बैठकीच्या दिवशी मगदूमसाहेबांनी घसा खाकरला. "दस्तगीरभाईंचा राजीनामा आलाय. लिहिलंय की प्रमिलाताईंचं ज्ञान मंडळाला जास्त गरजेचं आहे." ते ताईंकडे बघून हसले. "आता ताई काय म्हणतात ते आपल्याला ठाऊकच आहे. त्यांचाही येईल, मग आपण दोघांचेही नामंजूर करू आणि कलमात थोडी..."

"स्वीकारावा," ताई म्हणाल्या.

"काय?"

"भाईंचा राजीनामा स्वीकारावा. माझा येणार नाही."

नांदणीच्या सुवर्णा कोळी, ग्राहकांच्या वतीनं बसणाऱ्या, ताईंकडे बघतच राहिल्या. त्यांच्या नजरेत राग होता की आश्चर्य, ते कळलं नाही. राजीनामा मंजूर झाला.

मग व्हॉल्व्हचा विषय. "ताई, तुमचं म्हणणं?"

"सगळे परत मागवा. एकूण एक. नळी बदलेपर्यंत नवा एकही विकायचा नाही."

आणि मग एक गंमत झाली. सगळ्यांनी एकदम समोरच्या खुर्चीकडे बघितलं. तिथून टोपी निघणार, आवाज चढणार, आणि आपण मागं रेलून बसणार, अशी सवय. खुर्ची रिकामी. शेवटी मगदूमसाहेबांनाच राहवेना. "ताई, कारखाना तीन-चार महिने बंद पडेल. माणसं घरी बसतील. असं करू या... अर्धे मागवू. गाळ जास्त येतो त्या गावांतले."

ताईंच्या ओठांवर 'बरं' आलं होतं. खरंच आलं होतं. इतक्या वर्षांचा सराव होता तो. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही, साहेब. कुठल्या अर्ध्यांत गाळ आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मागच्या वेळीही आपण अर्धेच मागवले होते. राहिलेल्या अर्ध्यांतला एक रावसाहेब खोतच्या वाट्याला आला. मतदान घ्या."

ओघवतीच्या देखरेख मंडळात आजवर मतदान झालंच नव्हतं. हात वर करायचा की चिठ्ठी टाकायची, यावरच थोडा गोंधळ उडाला. मग सुवर्णाताईंनी विचारलं, "म्हणजे ज्याला त्या व्हॉल्व्हची भीती वाटते त्यानं हात वर करायचा का?" ताई म्हणाल्या, "ज्याला हे पटतं त्यानं." सुवर्णाताईंनी सगळ्यांत आधी हात वर केला. बँकवाल्यांतल्या एकानं केला, दुसऱ्यानं नाही. आणि दोघं एकमेकांकडे असे बघू लागले, की जणू आजच ओळख झाली. ठराव एका मताच्या फरकानं पास झाला.

बाहेर पडताना मगदूमसाहेब जिन्यात थांबले. ते चिडलेले दिसत होते, पण बोलले ते वेगळंच. "ताई, तुम्ही दोघं भांडत होता ना, तेव्हा आम्हाला विचार करावा लागत नव्हता. आज फार त्रास झाला." आणि ते उतरून गेले.

*

कारखाना बंद पडला. माणसं घरी बसली. अर्धा पगार मिळत होता, तरी बायकांनी सोनं गहाण टाकल्याच्या बातम्या वसाहतीत फिरू लागल्या. आणि सगळा राग निघाला तो दस्तगीरभाईंवर. ऐन वेळी पळाला, असं लोक तोंडावर म्हणायचे. ताईंना कुणी काही बोललं नाही. त्यांच्याकडून कुणाला अपेक्षाच नव्हती.

ताई रोज संध्याकाळी बाळूच्या हॉटेलात जाऊन बसायच्या. बाळू एक भरलेला, एक रिकामा कप आणायचा. रिकामा कप रिकामाच परत जायचा.

परत आलेले व्हॉल्व्ह उघडण्याचं काम संपलं त्या आठवड्यात भाई आले. वाळले होते. समोर बसले, टोपी टेबलावर ठेवली.

"निकाल काय लागला?" त्यांनी विचारलं.

"निम्म्या नळ्या स्वच्छ होत्या," ताई म्हणाल्या. "निम्म्यांत गाळ."

"म्हणजे अर्धेच बिघडलेले."

"अर्धेच. पण गावागावांत विखुरलेले. गाळाच्या गावांतले बरेच चांगले निघाले, स्वच्छ पाण्याच्या गावांतले बरेच बिघडलेले. आपण निवडले असते, तर चुकीचे अर्धे निवडले असते."

भाईंनी मान हलवली. मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्हीबी देणार राजीनामा."

"लिहिला होता."

"मग?"

"म्हटलं, तुम्ही दिला असणार."

भाईंनी ताईंकडे बघितलं. "ठाऊक होतं तर एक फोन करायचा ना, ताई. लोक मला पळपुटा म्हणाले. पोराच्या सासरचे म्हणाले. एक फोन."

"केला असता तर आपलं काय झालं असतं, भाई?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. "मला तुमची क्षमा मागायचीय," ताई म्हणाल्या. "पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. हे दोन्ही खरंय. काय करू?"

"काही करू नका." भाईंनी डोळे पुसले. "रागावलोय मी. महिना दोन महिने रागावणार आहे. पण काम बरोबर केलंत. हेबी दोन्ही खरंय."

बाळू सवयीनं एक भरलेला आणि एक रिकामा कप घेऊन आला. भाईंनी हात आडवा धरला.

"तो रिकामा घेऊन जा, बाळू. आणि आणखी एक आण, भरलेला." मग ताईंकडे न बघताच ते म्हणाले, "आजपासून तुमचा तुम्ही प्या. माझा मी."